कचेरीच्या भिंतीवरचं चित्र

मंडळी, कंपन्यांच्या कचेऱ्यांत आजच्या चित्रकारांची चित्रं लावावीत का, या विषयाचं फुलसावंगीच्या कास्तकाराला काय, असं पहिल्या रांगेतल्या काकांच्या चेहऱ्यावर मला दिसतंय. पण यातलं एक ठळक नाव आपल्या विदर्भाचं आहे. नागपूरजवळच्या बेल्यात जन्मलेल्या बी. प्रभा. आधी नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकल्या. शिकत असतानाच भरवलेल्या प्रदर्शनात त्यांची तीन चित्रं शास्त्रज्ञ होमी भाभांनी घेतली. १९५६ साली एअर इंडियानं सहा घेतली, एकेक ८७ रुपये आठ आण्यांना.

तेव्हा प्रभाताईंना ओळखत होतं कोण? नाव झाल्यावर चित्र घेणं म्हणजे सोनं घेणं. त्याला नजर लागत नाही, पैसा लागतो. एअर इंडियानं अशी चित्रं देशोदेशींच्या बुकिंग ऑफिसांत लावली. तिकिटाला आलेल्या माणसाला ती फुकट बघायला मिळत.

भाभांनी तर याची घडीच बसवली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची कुलाब्याची इमारत उभी राहत होती, तेव्हा खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवायला त्यांनी नेहरूंची मान्यता मिळवली. सिमेंट, खिडक्या, तसंच चित्र. उरल्या पैशातून बघू, हा प्रकार नाही. उरलेला पैसा कुठल्या बांधकामात कुणी पाहिलाय? तिथल्या दर्शनी दालनात हुसेन यांचं ‘भारत भाग्यविधाता’ हे भित्तिचित्र आहे, ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच. गणितं सोडवणारी माणसं रोज त्याच्यासमोरून जातात-येतात. हल्लीच्या कंपन्यांत इंग्रजी सुविचार रंगवलेली एक भिंत असते, पाहुण्यांनी सेल्फी काढावी म्हणून. तिला मी कला म्हणणार नाही.

घेतलेलं सांभाळणं मात्र कठीण. जतीन दास यांचं १९९१चं ‘फ्लाइंग अप्सरा’ हे एअर इंडियाच्या संग्रहातलं चित्र २०१७ मध्ये बाहेरच सापडलं. पुढे २०२२ मध्ये ही सरकारी कंपनी टाटांकडे परत गेली, चित्रं सरकारकडे राहिली आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवली गेली. सुरक्षित झाली, हे चांगलंच. पण कामाच्या जागेवरून ती उठली, याची चुटपुट मला आहे.

आता तुमच्याकडे येतो. पतसंस्था, जिनिंगचं ऑफिस, बाजार समिती, कुठेही नवं बांधकाम निघालं की अंदाजपत्रकातच चित्राची रक्कम धरा. तालुक्यातल्या एखाद्या तरुण चित्रकाराला बोलवा, आधी चार दिवस तिथलं काम बघू द्या, आणि ‘तुझी जाहिरात होईल’ असं न म्हणता रोख मोबदला द्या. डेडस्टॉक रजिस्टरला खुर्ची-टेबलाखाली चित्रकाराच्या नावासह नोंद करा. आणि हो, चित्र अध्यक्षांच्या केबिनमध्ये नेऊ नका. जिथं लोक रांगेत ताटकळत उभे असतात, तिथं लावा.