मुक्तस्रोतातील कंपन्यांचे योगदान : हेतू आणि हिशेब

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अशा सॉफ्टवेअरसाठी नफ्यावर चालणाऱ्या कंपन्या पगारी अभियंत्यांकडून कोड का लिहून घेतात, हा या परिषदेचा विषय आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांना जोडणारा गाभा, आज मुख्यतः अशाच अभियंत्यांच्या हातून वाढतो. एखाद्या चिप-कंपनीने आपला ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालविणारा कोड, स्वतःपाशीच ठेवला, तर दर दोन-अडीच महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीशी तो पुन्हा जुळवून घेण्याचे काम तिच्याच माथी येते, कारण कर्नलची अंतर्गत रचना स्थिर ठेवायची नाही, हे तेथील जाहीर धोरण आहे. तोच ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये स्वीकारला गेला, की रचना बदलणाऱ्यालाच त्यातही दुरुस्ती करावी लागते. देखभालीचा हा वाचणारा खर्च हाच योगदानामागील सर्वांत टिकाऊ हेतू आहे आणि तो उघडपणे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही. लिनक्सला दीर्घकाळ विरोध करणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेही 2009 मध्ये सुमारे 20,000 ओळींचे ड्रायव्हर कर्नलला दिले. ते जीपीएल परवान्याखाली, म्हणजे सुधारित प्रोग्राम वाटणाऱ्याने त्याचा कोडही खुला करावा या अटीवर दिले गेले, आणि हायपर-व्ही या तिच्या स्वतःच्या प्रणालीवर लिनक्स नीट चालावे यासाठी ते लिहिलेले होते.

मात्र जो कोड सर्वांच्याच उपयोगाचा असतो, पण कोणा एकाच्या मालाशी जोडलेला नसतो, त्याची जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येत नाही. संकेतस्थळांवरील माहिती कूटबद्ध करणारे ओपनएसएसएल बड्या कंपन्या वर्षानुवर्षे वापरत होत्या, तरी त्याची देखभाल मोजक्या माणसांवर होती. 2014 मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आल्यावरच लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने या कंपन्यांनी निधी उभारला. हा निधी आपत्तीपूर्वी कसा उभा राहील, याचा विचार येथे जमलेल्या जाणकारांनी अग्रक्रमाने करावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.