एक किलोचा उपग्रह आणि त्याचे कागद

२०२२ चा गुढीपाडवा आठवतोय का? २ एप्रिलची संध्याकाळ. आकाशातून पेटते तुकडे रांगेनं जाताना अनेकींनी अंगणातून पाहिले होते. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात लोखंडी कड्यासारखी एक भली मोठी वस्तू येऊन पडली. आसपास धातूचे गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत उपग्रहांचा विषय काढला, की पहिला प्रश्न हाच येतो: "अगं, पण ते डोक्यावर पडलं तर?" विचारणारीचं काही चुकत नाही. आजचं बोलणं त्याच प्रश्नाभोवती आहे.

उपग्रह म्हटलं की ट्रकएवढं काहीतरी डोळ्यापुढे येतं. पण आता दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा उपग्रहही बनतो. चहा-साखरेच्या डब्याएवढा, वजन किलोभर. त्यामुळे ज्या देशांकडे रॉकेट नाही, मोठा पैसा नाही, तेही अवकाशात जाऊ लागले. आपल्या शेजारचा भूतानच बघा. त्यांच्या चार तरुण अभियंत्यांनी जपानच्या एका विद्यापीठात शिकता शिकता 'भूतान-१' बनवला. ऑगस्ट २०१८ मध्ये तो अवकाश स्थानकातून सोडला गेला. फिलिपिन्स आणि मलेशियाचे तसेच उपग्रह त्याच्या सोबत होते. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत आणि भूताननं मिळून केलेला उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्यातला कॅमेरा भूतानचे डोंगर, जंगल, पाणी टिपण्यासाठी होता. आपल्याकडे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींनी किलोभराचा 'स्वयम्' बनवला, तो जून २०१६ मध्ये गेला. त्याला कितीतरी वर्षं लागली. एक तुकडी शिकून बाहेर पडायची, दुसरी काम पुढे न्यायची.

बनवणं झालं, पण पुढे कागद असतात. पहिला कागद फ्रिक्वेन्सीचा. हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको! आमचं हे केंद्र दहा-बारा किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही, तरी परवान्यासाठी आम्ही दोन पावसाळे खेटे घातले. तेव्हा चिडलो होतो. पण दोघींनी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायला सुरुवात केली तर दोघींचंही कुणाला ऐकू जाणार नाही, हे खरंच आहे. उपग्रह तर दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, म्हणजे कितीतरी देशांवरून जातो. त्याची फ्रिक्वेन्सी जगाच्या पातळीवर जुळवून घ्यावी लागते.

दुसरा कागद परवानगीचा. १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे उपग्रह कॉलेजचा असो की कंपनीचा, त्याची जबाबदारी देशाच्या सरकारवर. म्हणून आपल्याकडे अहमदाबादची इन-स्पेस ही सरकारी संस्था आधी तपासते, मग मंजुरी देते. तिसरं काम नोंदीचं. आपल्या गटाच्या वहीत कर्ज कुणाच्या नावावर ते लिहितो ना, तशी सोडलेल्या वस्तूंची वही संयुक्त राष्ट्रांकडे असते.

इतक्या छोट्याला एवढं कशाला, असं वाटेल. जानेवारी २०१८ मध्ये एका अमेरिकी कंपनीनं चार उपग्रह आपल्याच श्रीहरिकोट्याहून सोडले. पुस्तकाएवढे, जेमतेम तीन सेंटिमीटर जाड. इतके बारीक उपग्रह जमिनीवरून नीट दिसणार नाहीत, म्हणून अमेरिकेनं आधीच परवानगी नाकारली होती. तरी ते गेले! कंपनीला नऊ लाख डॉलर भरावे लागले, म्हणजे सहा कोटींहून जास्त रुपये. तिथे वस्तू सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर धावते. मुंबईहून निघाली की वीस सेकंदांत पुणे. त्या वेगात किलोभराचा डबा दुसऱ्या उपग्रहावर आदळला, तर दोघांचेही तुकडे. त्यातूनच कचरा वाढतो.

मात्र आमचं एक म्हणणं आहे. वरचा बहुतेक कचरा मोठ्या देशांचा आहे. भूतानसारख्यानं पहिला उपग्रह करायला घेतला की नियमांचा गठ्ठा त्याच्यापुढे, आणि लाडबोरीत पडलं ते कुणा कॉलेजच्या पोरांचं नव्हतं. छोटा उपग्रह खालच्या कक्षेत असला तर एक-दोन वर्षांत आपसूक खाली येतो आणि हवेतच जळून जातो. मोठ्या रॉकेटचे भाग मात्र पुरते जळत नाहीत. नियम हवेतच, पण ते पाळायला मोठ्यांनाही कुणीतरी लावायला हवं.

आता सुरुवातीचा प्रश्न. जमिनीवर नुकसान झालं तर भरपाई सोडणाऱ्या देशानं द्यायची, चूक कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही. १९७२ चा करार तसं सांगतो. ज्याच्या भूमीवरून सोडलं तो देशही त्यात बांधलेला असतो. पण दावा आपण करायचा नसतो, आपलं सरकार त्या सरकारकडे करतं. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा सोव्हिएत संघानं पुढे तीस लाख कॅनडियन डॉलर दिले.

म्हणून कधी शेतात असं काही आढळलं, तर हात लावू नका, भंगारात घालू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. आत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लगेच पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना कळवा. पीक, गोठा, छप्पर, जे मोडलं असेल त्याचे फोटो काढून पंचनामा करून घ्या. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.