वर्गणीतून उभी राहिलेली कादंबरी

पॉल किंग्सनॉर्थ यांची ‘द वेक’ ही इंग्रजी कादंबरी २०१४ साली वाचकांच्या वर्गणीतून निघाली. ‘अनबाउंड’ या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेची रीत साधी होती: लेखकाने कल्पना मांडायची, वाचकांनी आगाऊ पैसे भरायचे, रक्कम जमली की संपादन आणि छपाई. आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व नोंदणीचेच हे भावंड. वर्गणीदारांची नावे पुस्तकातच छापली जात. कथानक १०६६च्या नॉर्मन आक्रमणाच्या काळातले, भाषा जुन्या इंग्रजीच्या वळणाची. ‘के’, ‘व्ही’ ही अक्षरेही लेखकाने वर्ज्य केली. राजासाठीचा ‘किंग’ हा शब्द तिथे ‘सी’ने सुरू होतो. अशा मजकुराचे मुद्रितशोधन म्हणजे डोकेदुखीच! तरीही त्याच वर्षी ही कादंबरी बुकर पुरस्काराच्या पहिल्या यादीत पोहोचली.