आपली स्पर्धा आपल्याशीच





गुडघे न वाकवता पायाची बोटे धरता येत नाहीत, म्हणून खेळ सोडू नका. आधी पाच मिनिटे सावकाश धावून अंग गरम करा. मग ताण जाणवेल इतकेच वाका, झटका न देता 30 सेकंद थांबा. दुखल्यास मागे या. हाताची बोटे व जमीन यांतील अंतर दर शुक्रवारी वहीत लिहा; शेजाऱ्याचे विचारू नका.

निजामाबादच्या निखत झरीनला मुष्टियुद्धाकडे तिच्या वडिलांनी नेले. 2022 साली इस्तंबूलला ती विश्वविजेती झाली. पदक सर्वांच्या वाट्याला येत नाही. शरीर मात्र प्रत्येकाकडे अल्लाहची अमानत आहे. पालकहो, ती सांभाळण्यासाठी मुलींनाही रोज अर्धा तास मैदान द्या.