पोराच्या पोटाचा हिशेब
(शिरवळ येथील भाषण)



मी गोदीतला हमाल. मॅट्रिक. वकील नव्हे, पण पोटगीचा कायदा वाचलाय. १९५५ साली महिन्याला कमाल पाचशे रुपये ठरले. देशाच्या कायद्यातून ती मर्यादा उठली २००१ साली! शेहेचाळीस वर्षं ज्वारी महागत गेली, पोराचं पोट सरकारदप्तरी तेवढंच.

आता आकडा कोर्ट ठरवतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानं दोघांनीही मिळकत प्रतिज्ञेवर सांगायची, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. झकास. पण इथल्या कारखान्यात ठेकेदाराकडं राबणारा गडी खरा पगार सांगेल कशाला? त्याची हजेरी मुकादमाच्या वहीत. ती वही कोर्टानं मागवावी.

पोटगी थकली तर वॉरंट, महिन्यापर्यंत कैद. जुनं कलम १२५, २०२४ पासून १४४. पण मेख बघा : वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत हवा, नाहीतर त्या थकबाकीचं वॉरंट निघत नाही. म्हणजे चुकवणारा तो, आणि रोजगार बुडवून खेटे घालणार आई! गोदीत सोसायटीचा हप्ता पगारातून परस्पर कापतात. तशी पोटगी कापा ना.

तोवर, जिचं वर्ष भरत आलंय तिनं सभा सुटल्यावर थांबावं. अर्ज इथंच लिहू.