वाकलेल्या दांडीची गिटार

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आधी एक खुलासा. आज आम्ही 'आम्ही, आम्ही' म्हणणार आहोत, ते संस्थानिकांच्या थाटातलं नव्हे. आम्ही खरंच तिघे आहोत. एक राज्य शासनाचा नोकर, विद्युत शाखेचा पदविकाधारक, निम्मी नोकरी पंप आणि मोटारींच्या मागे गेलेला. दुसरा पंखे-मोटारींचं वाइंडिंग करणारा दुकानदार. तिसरा कॉलेजात जाणारा मुलगा, ज्याला फक्त गिटार हवी होती. बोलायचं काम सरकारी नोकरावर आलं, कारण टिपणी लिहायची सवय त्यालाच.

अमझेऱ्यात भाषण म्हटलं की २९ नोव्हेंबर १७२८ ची लढाई आणि चिमाजी आप्पा येणारच. यंदा त्यांना विश्रांती देऊ. यंदाचा विषय आपल्या सामानाच्या खोलीतला आहे.

मखराच्या फळ्या, जुनी तोरणं आणि फुटक्या ट्यूबलाइटच्या मागे एक विजेची गिटार खिळ्याला टांगलेली होती. कलकत्त्याची बनावट, डोक्यावरचं नाव पुसलेलं, रंग लालसर, कडेकडेने काळा होत गेलेला. आपले एक काका १९८०-९० च्या दशकात ती वाजवत. त्यांनीही ती इंदूरला जुनीच घेतली होती. काका गेले, काकू मुलाकडे राहायला गेल्या आणि जाताना गिटार मंडळाला देऊन गेल्या. मंडळाने ती आदराने टांगली आणि विसरून गेलं. आपण बऱ्याच गोष्टींचा आदर असाच करतो.

मागच्या उन्हाळ्यात ती खाली काढली. मागचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी संसार थाटलेला. बाप्पांच्या वाहनाविषयी काय तक्रार करणार? पण त्यांनी तारांचं वरचं आवरण कुरतडून गादी केली होती. घोडी गंजलेली, सहापैकी दोन खुंट्या फिरेनात. दांडी एका डोळ्याने पाहिली तर वाकलेली आणि वर पिळलेलीही. माळव्याचा कोरडा उन्हाळा आणि त्यावरचा पावसाळा बारा-पंधरा वर्षं सोसल्यावर लाकूड दुसरं काय करणार?

इथे आमच्या हातून पहिला गुन्हा घडला, तो कबूल करतो. नवा रंग द्यायचा ठरवून आम्ही पाठीमागून पॉलिश पेपर मारायला सुरुवात केली. निम्मी पाठ उघडी झाल्यावर एकाला सुचलं की काकूंना विचारायला हवं होतं. फोन केला. त्या म्हणाल्या, "गिटार मंडळाची आहे, तुम्हाला हवं ते करा. फक्त त्यांचा रंग तेवढा घालवू नका." आम्ही तिघेही गप्प झालो. पुढची बाजू वाचली. पाठीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात देऊन शक्य तितकं जुळवून घेतलं, पण सांधा दिसतो. कार्यक्रमानंतर कोणीही येऊन पाहावा.

आता आतलं सांगतो, कारण आम्हाला खरी गोडी तिथे लागली. विजेच्या गिटारला पोकळ पोट लागत नाही. तारांच्या खाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेलं हेच तत्त्व, ज्यावर आपल्या धरणांतली जनित्रं चालतात. तार पोलादीच हवी. आम्ही गंमत म्हणून तंबोऱ्याची पितळी तार लावून पाहिली. नुसती खूप छान थरथरली, कर्ण्यातून मात्र काहीच आलं नाही.

या गिटारला अशी दोन गुंडाळ्यांची जोडी. मीटर लावला. एकीने साधारण सहा हजार ओहम दाखवले, म्हणजे जिवंत. दुसरी तुटलेली. वाइंडिंगवाले म्हणाले, "यात काय आहे, पंखा बांधतो तशी बांधू." पुस्तकात तार ४२ गेजची लिहिलेली. त्यांनी ४२ गेजची आणली, हातमशीनवर बसवली, आणि तीन हजार वेढ्यांच्या आसपास जागाच संपली. मीटरवर एक हजार ओहमसुद्धा नाहीत. आवाज ऐकला तर शेजारच्या घरातला रेडिओ लागल्यासारखा.

दोन रात्री यात गेल्या. मग पदविकाधारकाच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक अमेरिकेचं, गेजही अमेरिकेचं. आपल्या बाजारात चालतं ते इंग्रजांनी ठेवलेलं मोजमाप. अमेरिकेची ४२ नंबरची तार ०.०६३ मिलिमीटरची, आपली ४२ नंबरची ०.१ मिलिमीटरची. आपल्याला हवी होती ४६ नंबर! वीस वर्षं ज्याने निविदांमध्ये तारेचे गेज तपासले, त्यानेच इथे तपासला नाही. आमच्या दुकानदार मित्राने त्या दिवसापासून त्याला 'साहेब' म्हणणं सोडलं आहे.

४६ नंबरची तार म्हणजे कोळ्याचं जाळं. पंख्याच्या तारेला जो ताण देतो तो दिला की तुटते. शेवटी लोकरीच्या कापडाच्या चिमटीतून सोडत, श्वास रोखून, आठ हजार वेढे घातले. हिशेब केला तर सव्वा किलोमीटर तार, आणि तिचं वजन फार तर पस्तीस ग्रॅम. मग पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण घालून, गरम पाण्याच्या पातेल्यात वितळवून, गुंडाळी त्यात बुडवली. मेण आत भरलं नाही तर मोठ्या आवाजात वेढेच थरथरतात आणि कर्णा शिट्टी मारतो. मीटरने सहा हजार दोनशे दाखवले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. वाइंडिंगवाल्यांच्या घरून चहा आला तो चहा होता की रागाचा काढा, हे आम्ही विचारलं नाही.

आवाज आला, पण गिटार वाजेना, कारण दांडी. तारा दाबल्या की पडद्यांना घासून खरखर. तंबोऱ्यात तार घोडीला हलकी घासते तिला आपण जवारी म्हणतो आणि त्यासाठी मिरजेच्या कारागिरांकडे जातो. देवासला कुमारजींचे तंबोरे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना जवारी म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. तेच घासणं गिटारमध्ये दोष ठरतं. खरखर टाळायला तारा वर उचलल्या तर बोटं दुखतात आणि स्वर चढतो. दांडीच्या आतला लोखंडी गज पिळून ती सरळ करता येते, पण तो गज जागीच जाम. इंदूरच्या एका जाणकाराने सांगितलं, नवी दांडी टाका. म्हणजे काकांचा हात जिथे फिरला ते लाकूड फेकायचं आणि दुसऱ्या कोणाची तरी दांडी लावायची. पैसेही बरेच लागणार होते, हेही खरंच.

वाट सापडली ती इतिहासात. बाजारात यशस्वी झालेली पहिली विजेची गिटार १९३२ साली अमेरिकेत विक्रीला आली, रिकनबॅकर यांच्या कारखान्यातली. अॅल्युमिनियमची, गोल, लांब मुठीची. लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत. आणि ती उभी धरायची नव्हतीच! ती मांडीवर आडवी ठेवून, पोलादी दांडा तारांवर सरकवत वाजवायची, हवाई बेटांच्या पद्धतीने. म्हणजे विजेची गिटार जन्मली तीच मांडीवर. १९४० च्या दशकात हवाईचे टाऊ मो कलकत्त्यात राहून ही पद्धत शिकवत होते. पुढे व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी हिंदी चित्रपटांच्या चाली तिच्यावर घरोघर पोचवल्या. ब्रिजभूषण काब्रा तिला रागसंगीतात घेऊन गेले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर तेच आहेत.

या पद्धतीत तारा पडद्यांवर दाबायच्याच नसतात. उलट त्या पडद्यांपासून बऱ्याच वर हव्यात. मग दांडी वाकलेली असली तरी बिघडतं कुठे? खुंट्यांजवळच्या पट्टीवर पितळेची उंच पट्टी बसवली, घोडी वर केली, तारा जवळजवळ एक सेंटिमीटर उचलल्या. सरकवायचा दांडा केला सबमर्सिबल पंपाच्या शाफ्टचा, १९ मिलिमीटर जाड, आठ सेंटिमीटर लांब, घासून आरशासारखा. शाफ्ट सरकारी भंगारातला नाही. दुकानातून विकत घेतला आहे आणि पावती जपून ठेवली आहे. तारा लावल्या सा-प-सा-ग-प-सा.

आणि मग एक गोष्ट दिसली. दांडीच्या कडेला काकांनी औषधी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून त्यावर पेनाने अक्षरं लिहिली होती: रे, ग, म, प. साफ करताना ती आम्ही काढणारच होतो. पण आता पहिल्या तारेवर दांडा प्रत्येक अक्षरावर ठेवत गेलो, तर स्वर नेमके तिथेच. म्हणजे त्यांनीही मोकळी तार सा धरली होती. सिनेमाची गाणी वाजवणारा माणूस डोक्यात सरगम करत होता. शाई फिकी झाली आहे. आम्ही तिच्यावर पारदर्शक लाखेचा एक थेंब सोडला, एवढंच.

'गणपतीपुढे गिटार?' असं काही ज्येष्ठांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. पण ज्या पेटीवर आपली आरती होते, ती युरोपातून आली. आकाशवाणीने तिला १९४० साली बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत दार उघडलं नाही. तिच्याविरुद्धचा आक्षेप होता की तिच्यात मींड नाही आणि श्रुती बांधलेल्या. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, म्हणजे आमच्यासारखेच सरकारी नोकर, फक्त हुद्द्याने बरेच मोठे. त्यांनी १९१० साली श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमेंट्स नावाच्या न्यायाधीशांबरोबर श्रुतींची पेटी तयार करवली. सरकत्या दांड्याच्या गिटारला ती अडचणच नाही. गांधार हवा तितका उतरवा, मींड पाहिजे तितकी घ्या. ज्येष्ठांपुढे आम्ही ही बाजू मांडली. मान्य झाली असं नाही, पण आरतीनंतर वाजवायची परवानगी मिळाली.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो संगीताचा नाही. गिटारच्या तारा घोडीतून, आतल्या वायरीतून थेट अॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीला जोडलेल्या असतात. गुणगुण कमी व्हावी म्हणून ते करावंच लागतं. पण त्या पेटीत कुठून वीज झिरपली, तर ती वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते, आणि त्याने दुसऱ्या हाताने माइक धरला की मंडळ पूर्ण होतं. आपलं नव्हे, विजेचं. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत लेस हार्वे नावाचा गिटारवादक अशाच रीतीने रंगमंचावर मेला. अर्थिंग नव्हतं आणि त्याने माइकला हात लावला.

पहिल्या तालमीच्या आधी आम्ही सहज तारेला टेस्टर लावला. दिवा लागला. शोधलं तर लांब वायरीच्या बोर्डाची तिसरी पिन नुसती शोभेची, मागे काही जोडलेलंच नाही. तो बोर्ड काही वर्षांपूर्वी आम्हीच बनवला होता. म्हणजे इतकी वर्षं भर भाद्रपदात, ओल्या सतरंजीवर, आपली मुलं-मुली तो माइक हातात घेऊन गाणी म्हणत होती.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मंडपाच्या मागे खड्डा खणून अडीच मीटरचा जस्ती पाइप, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं. रोज तिथे एक बादली पाणी ओतायचं आहे, आणि ते काम लहान मुलांनी आनंदाने पत्करलं आहे. मंडपाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवला. सगळे बोर्ड तपासून तीन बाद केले. सभासदांना विनंती की घरच्या गणपतीच्या माळांचे आणि कूलरचे प्लग याच आठवड्यात तपासून घ्या. आम्हाला फोन करा, तपासायला आम्ही येऊ. पैसे लागणार नाहीत, चहा लागेल.

काकू यंदा आल्या आहेत. दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. परवा त्यांनी गिटार हातात घेतली, उलटी केली, पाठीवरच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इथे त्यांच्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे होते." आम्ही काय बोलणार! मग त्यांनी ती सरळ केली, अक्षरं वाचली आणि विचारलं, "नी का नाही लिहिलाय?" खरंच, तो तुकडा कुठेतरी गळून पडला आहे. त्या म्हणाल्या, मी लिहिते. आमच्या मुलाने चिकटपट्टी आणून दिली.

आता आमचा कॉलेजवीर एक धून वाजवेल. शिकायला लागून त्याला पाच महिनेच झाले आहेत, तेव्हा कान जरा मोठ्या मनाने द्या. कृपया पुढच्या रांगेतल्यांनी पाय वायरीपासून दूर ठेवावेत.