मार्का कुणाचा, निष्ठा कुणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीच्या पोरांनी आम्हाला सांगितले, "काका, यंदा तुम्ही मोबाईलवर बोला." आम्ही म्हटले, अरे बाबांनो, आम्ही नववीतून शाळा सोडलेले गिरणी कामगार. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून. आम्ही मोबाईलवर काय बोलणार? पण पोरे हुशार. वस्तीतला सर्वांत जुना फोन आमच्याच खिशात आहे, हे त्यांना ठाऊक. तो आज बरोबर आणला आहे. हा बघा. नोकिया ११००. हसू नका, अजून चालतो!

वस्तूवर जीव लावण्याची खोड आमच्या घराण्यातच आहे. आमचे वडील साचेखात्यात होते. त्यांचा रेडिओ मर्फीचा. तोंडावर बोट ठेवलेल्या बाळाची ती जाहिरात जुन्या मंडळींना आठवत असेल. हा रेडिओ ठाण्याच्या कारखान्यात व्हायचा. त्या वेळी रेडिओचे लायसन असे, पोस्टात पैसे भरावे लागत. वडील ते वेळेवर भरीत आणि सांगत, "रेडिओ घ्यावा तर मर्फीचाच." पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या घरातले आधी आईचे डोरले गेले, मग पितळेची भांडी गेली, आणि शेवटी रेडिओ गेला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. रेडिओ नेणाऱ्या माणसाच्या मागे वडील नाक्यापर्यंत चालत गेले. ते कशाला गेले, हे आम्हाला तेव्हा कळले नाही.

आता नोकियाकडे येतो. आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी मोबाईल हे साहेब लोकांचे काम! आलेल्या फोनलाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला आणि त्याच वर्षी नोकियाने ११०० काढला. कंपनीने डोके चालवले होते. आपल्याकडे धूळ फार, म्हणून बटणांवर एकसंध रबराचे आवरण. लाईट जाते, म्हणून डोक्यावर बॅटरीचा दिवा. हाताला घाम येतो, म्हणून न घसरणारी पाठ. जगभर याचे पंचवीस कोटींच्या वर नग खपले. आम्ही बोनसच्या पैशातून घेतला. रात्रपाळी सुटल्यावर याच दिव्याच्या उजेडात चाळीचा जिना चढायचो. दोनदा पाण्यात पडला, एकदा साच्याखाली गेला. पुसला, वाळवला, चालू झाला. मग आम्हीही वडिलांसारखेच बोलू लागलो, "फोन घ्यावा तर नोकियाचाच." कोणी दुसरी कंपनी काढली की आम्ही भांडायला उभे.

पण आम्ही कामगार आहोत. ज्या वस्तूचे गुण गातो ती बनवणाऱ्याचे काय झाले, हे वाचावेसे वाटले. वाचत गेलो, तेव्हा डोळे उघडले.

ही नोकिया मुळात एक गिरणीच होती! १८६५ साली फिनलंडमध्ये कागदाचा लगदा करणारी गिरणी निघाली. नोकिया हे गावाचे नाव. पुढे त्यांनी रबराचे बूट केले, केबल केल्या, आणि मग फोन. १९९८ पासून सुमारे चौदा वर्षे जगात सर्वांत जास्त मोबाईल याच कंपनीचे खपत होते. आता कामगारांचे ऐका. जर्मनीत बोखुम गावी त्यांचा कारखाना होता. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले, कारखाना बंद. सुमारे २३०० कामगार. काम नेले रुमानियात, तिथे मजुरी स्वस्त म्हणून. जर्मन लोक इतके चिडले की काही मंत्री-पुढाऱ्यांनीसुद्धा नोकियाचा फोन वापरणे सोडले. रुमानियाच्या कामगारांना वाटले, आपले नशीब उघडले. २०११ मध्ये तोही कारखाना बंद! २०१२ मध्ये खुद्द फिनलंडमधल्या सालो गावच्या कारखान्यावर बंदी आली. आणि आपल्या देशात? चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला २००६ साली मोठा कारखाना निघाला. हजारो कामगार, त्यात खेड्यापाड्यातल्या तरुण मुली पुष्कळ. एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे गेला. हा कारखाना मात्र कराच्या वादात अडकून मागे राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला त्याचे काम थांबले. ज्या मुलींनी लाखो फोन जोडले, त्या हिशेबाचे पैसे घेऊन गावी परतल्या.

नाव मात्र जिवंत राहिले! २०१६ नंतर फिनलंडच्याच दुसऱ्या एका कंपनीने परवाना घेऊन नोकिया नावाचे फोन बाजारात आणले. गिरणगावात आम्हाला ही गोष्ट नवी नाही. साच्यावर कापड आम्ही विणले, त्रासनखात्यात सूत आम्ही काढले, पण ताग्याच्या कडेला छाप पडली ती मालकाच्या मार्क्याची. विणणाऱ्याचे नाव कधी कापडावर आले नाही. गिरणी बुडाली तरी मार्का विकता येतो. कामगार बुडाला की त्याचे काय विकणार? म्हणून आमचा पहिला मुद्दा हा. मार्का माणूस नाही. तो आपल्याकडून निष्ठा घेतो, पण द्यायला त्याच्याकडे काही नसते.

आता दुसरा मुद्दा, आणि तो सांगायला आम्हाला जड जाते. पण विहारात उभे राहून आपली चूक लपवायची तर इथे यायचे कशाला?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. पाळी बंद, पगार तोडका. जूनपासून शाळा मोबाईलवर सुरू झाल्या. धाकटी मुलगी दहावीला. तिचे सर धडे व्हॉट्सअॅपवर पाठवीत. घरात फोन एकच, हा. बाजूला ठेवलेले थोडे पैसे होते, जुना स्मार्टफोन आला असता. पण आमचा हेका! "नोकियाने आजपर्यंत दगा दिला नाही, ही काचेची खेळणी चार दिवसांत फुटतात." पोरगी शेजारच्यांच्या पायरीवर बसायची. त्यांच्या मुलाचा वर्गही त्याच वेळी असायचा. त्याचे झाले की रात्री हिच्या हातात फोन यायचा, मग उतरवून घ्यायची. असे तीन महिने गेले. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुमच्या नोकियाची बॅटरी चांगली चालते. पण त्यात माझी शाळा दिसत नाही."

आम्ही दुसऱ्या दिवशी जुना फोन घेतला. पण गेलेले तीन महिने दुकानात मिळत नाहीत. २०२१ ची दहावीची परीक्षा झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला. तिच्या पहिल्या चाचण्या कच्च्या होत्या. तिला विज्ञान शाखेला जायचे होते, मिळाली वाणिज्य. आज ती एका ऑफिसात हिशेब लिहिते, चांगली कमावते. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. आम्हीच स्वतःला लावतो. वडील रेडिओमागे नाक्यापर्यंत का चालत गेले, ते तेव्हा कळले. त्यांनी पोरांच्या भाकरीसाठी जिवापाडची वस्तू सोडली. आम्ही वस्तूसाठी पोरीची तीन महिन्यांची शाळा घालवली.

आता तुम्ही म्हणाल, काका, म्हणजे नवे फोन घ्यावेत. घ्या, जरूर घ्या! 'गरिबाला कशाला पाहिजे मोबाईल' असे म्हणणाऱ्यांचे आम्ही मुळीच ऐकणार नाही. १९३५ साली गुजरातेत झानू गावी आपल्या बायका धातूच्या भांड्यात पाणी आणतात म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये ते लिहून ठेवले आहे. आणि मे २०१५ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, शिर्डीला, नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून त्याला मारून टाकले. तेव्हा भांडे असो की फोन, चांगली वस्तू हातात धरणे हा आपला हक्क आहे. तो रक्त सांडून मिळालेला आहे.

पण हक्काने घेतलेली वस्तू कर्जाची बेडी होऊ नये. आमच्या पाळीतल्या एका मित्राच्या मुलाने नाव मोठे म्हणून महागडा फोन हप्त्यावर घेतला. दोन हप्ते चुकले, वसुलीवाले दारात. आईने कानातले गहाण ठेवले. फोनच्या पाठीवरचे चिन्ह दिसावे म्हणून तो मुलगा कव्हर लावीत नव्हता! भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात डोक्यावर ऋण नसणे हे एक सुख आहे. आणि वस्तू कशी वापरावी, ते आनंदाकडून शिकावे. उदेन राजाने त्याला विचारले, इतकी चीवरे मिळतात, त्यांचे करता काय? आनंद म्हणाला, ज्यांची फाटली त्यांना देतो. जुन्यांची अंथरुणे करतो, ती विरली की जमिनीवर घालतो, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी, आणि अगदी चिंध्या झाल्या की मातीत कालवून जमीन सारवतो. आम्ही कापडवाले, आम्हाला ही गोष्ट फार पटते.

तेव्हा तरुणांनो, फोन घेताना तीन गोष्टी विचारा. याने माझे कोणते काम होणार? रोकड आहे की कर्ज? आणि माझा जुना फोन कुणाच्या कामी येईल? या विहारात एक पेटी ठेवू या. ज्यांच्याकडे चालू अवस्थेतला जुना फोन पडून आहे, त्यांनी तो पेटीत टाकावा. आपल्यातलीच दुरुस्तीचे काम जाणणारी पोरे तो नीट करतील आणि शाळेच्या मुलांना देतील. कंपनी कोणतीही असो!

हा नोकिया मात्र आम्ही पेटीत टाकणार नाही. त्यात शाळा दिसत नाही, म्हणून तो कुणा मुलाच्या कामाचा नाही. तो आमच्याच खिशात राहील, म्हणजे हात लागला की पोरीचे शब्द आठवतील. पहिला फोन आम्ही टाकणार तो टाळेबंदीत घेतलेला. मुलीने आता स्वतःच्या पगारातून, रोख पैशाने नवा घेतला आहे. तिनेच आज सकाळी जुना पुसून, चार्जरसकट आमच्या हातात दिला.

 

जयभीम! नमो बुद्धाय!